पॉलिप वाटेत तुटतो कुठे?

सुजाता, मी तुला पॉलिप म्हणून पेरूची बी पाठवली होती.

फॉर्मालिनची बाटली, बाटलीवर लेबल, लेबलवर पेशंटचं नाव, आणि आत पेरूची बी. कोलोनोस्कोपीच्या आधी बियांची फळं खाऊ नका, हे त्या पेशंटला सांगायला मी विसरलेलो. आतड्यातून ओढलेलं पाणी ज्यातून जातं त्या गाळणीत काहीतरी गोल, पिवळसर दिसलं, मी खूश होऊन बाटलीत टाकलं. तू ते तुझ्या शिस्तीत तपासलंस. डोंबिवलीच्या तुझ्या लॅबमधून कल्याणला माझ्याकडे रीतसर रिपोर्ट आला: ‘नमुना, पेरूची बी, एक. अखंड. कडा मोकळ्या.’ खाली सही. पाठोपाठ फोन. मला वाटलं, आता धुणार. तू शांतपणे म्हणालीस, “अव्या, अभिनंदन. तुझ्याकडून तुकडे न होता आलेला हा पहिला नमुना.”

खरा पॉलिप सक्शनच्या मोठ्या बाटलीत निघाला. लता सिस्टरनी चहाची नवी गाळणी मागवून, सगळी बाटली तिच्यात ओतून तो शोधला. अर्थात तुकड्यांतच.

तू गेल्यावर हा किस्सा मी तुझ्या पुण्यानुमोदनाला सांगितला. सांगायचा नव्हता. तुझ्या नवऱ्याने, मिलिंदने, “दोन शब्द बोला” म्हटलेलं, म्हणून मी घरून ‘ज्ञाननिष्ठा’ वगैरे जड सामान पाठ करून आलेलो. भंतेजींचं झालं, मी उभा राहिलो. हार घातलेल्या फोटोतून तू ‘बोल, काय बोलतोस ते’ अशी माझ्याकडे बघत होतीस, आणि माझ्या तोंडून पेरूची बी बाहेर पडली. कोपरीतल्या त्या हॉलमध्ये सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मग तुझी मोठी जाऊ हसली. तिचं बघून बाकीच्या बायका हसल्या. मिलिंद हसला नाही, पण त्याने मान खाली घातली ती वर काढायला वेळ लावला.

जेवणाच्या वेळी जाऊबाईंनी मला गाठलं. “डॉक्टर, पॉलिप म्हणजे नक्की काय ओ? सुजाता सारखी त्याच्याबद्दल बोलायची, पण जेवताना. म्हणून आम्ही कधी खोलात गेलो नाही.”

मी सांगितलं. मोठ्या आतड्याला आतून मऊ अस्तर असतं, त्याच्यावर कधी कधी मांसाचा कोंब उगवतो. बहुतेक निरुपद्रवी असतात, पण एखादा पुढे जाऊन कॅन्सरकडे वळतो. म्हणून आम्ही मागच्या दाराने कॅमेऱ्याची नळी घालतो, तारेच्या फासात कोंब पकडून कापतो आणि त्याच नळीच्या पोटातल्या बारीक वाटेने ओढून बाहेर आणतो. मग तो जातो सुजाताकडे. जायचा.

“मग आख्खा आला काय नि तुकड्यांत आला काय. निघाला म्हणजे झालं ना?”

सुजाता, हाच प्रश्न, जवळजवळ याच शब्दांत, मी तुला विचारलेला. आपण नुकतेच शिकून बाहेर पडलेलो, माझ्याकडे नवी नळी होती आणि नवा माज होता. तू लॅबमध्ये डबा खात होतीस. डब्यात भरली वांगी. त्यातलं एक देठाला धरून उचललंस आणि माझ्या नाकासमोर नाचवलंस.

“हे बघ. वांग्यात कीड निघाली, तर ती कुठवर गेली ते देठाशी बघून कळतं. देठ स्वच्छ असला तर पुढे झाडाला धोका नाही. तू मला भरीत पाठवतोस. भरितात मी देठ कुठे शोधू?”

“मग लिहितेस काय?”

“लिहिते, सांगता येत नाही. मग तो माणूस घाबरतो, सर्जन म्हणतो धोका नको, आतड्याचा तेवढा भागच काढू. तुझ्या भरितापायी त्याचं पोट उघडायचं.”

आणि वांगं खाल्लंस.

त्याच दिवशी तू मला तुझ्या दोन डोक्यांच्या मायक्रोस्कोपवर बसवलंस. एका बाजूने तू, दुसऱ्या बाजूने मी. देठ कसा दिसतो, त्याच्यावरचा गोंडा कसा दिसतो, कॅन्सर आत घुसायला लागला की काय बिनसतं, हे तू दाखवत होतीस. मी मधेच गंभीरपणे म्हणालो, “हा इथे काळ्या कडेचा गोल आहे, हा वाईट दिसतोय.” तू म्हणालीस, “तो हवेचा बुडबुडा आहे.” पण हसली नाहीस. काच सरकवून परत पहिल्यापासून सुरू केलंस. माझ्या अडाणीपणाचा तुला कंटाळा यायचा नाही. त्यातसुद्धा तुला रस असायचा, याला नक्की काय दिसत असेल म्हणून.

तेव्हापासून आपल्या फोनचा मजकूर ठरला. दुपारी माझी लिस्ट संपली की तुझा फोन. “अव्या, आज भरीत.” किंवा, क्वचित, “आज देठ सापडला.” हॅलो नाही, ठेवते नाही. आता दुपारी फोन वाजला तर औषधवाल्यांचा असतो, आणि त्यांना माझ्याशी फार गोड बोलायचं असतं.

तू नुसती रागावली असतीस तर मी केव्हाच निर्ढावलो असतो. पण तुला ते खरंच जाणून घ्यायचं होतं. कापतो तेव्हा पॉलिप मला स्क्रीनवर अख्खा दिसतो. गाळणीत पडतो तेव्हा चुरा. मधल्या वाटेत अंधार. “तुटतो कुठे?” तू विचारायचीस. मी म्हणायचो, नळी अरुंद आहे, कोंब मोठा आहे, माझा काय दोष. तू म्हणायचीस, “मग बारीक कोंब का तुटतात? ते तर आरामात मावतात.” मी विषय बदलायचो. तू बदलू द्यायची नाहीस.

मग माझी एक जुनी नळी बाद झाली. आतून पाणी झिरपायला लागलं, पेशंटला वापरता येईना. “घेऊन ये रविवारी घरी,” तू म्हणालीस. मी ती धुतली, औषधात बुडवली, परत धुतली आणि सक्शनच्या मशीनसकट गाडीत घालून कोपरीला आलो. मिलिंदने दार उघडलं. माझ्या गळ्यात वेटोळं घातलेली नळी बघून म्हणाला, “ही कुठून कुठे जाते ते मला माहितीये, डॉक्टर. ओट्यावर ठेवायची नाही.” म्हणून गॅलरीत.

पॉलिपसारखं काय असतं, यावरच अर्धी सकाळ गेली. पनीर नुसतं बघितलं तरी फुटत होतं. मशरूम रबरासारखं. भिजवलेला साबुदाणा मी सुचवला, तू माझ्याकडे न बघताच नको म्हणालीस. शेवटी मिलिंद बाजारातून बकऱ्याची कलेजी घेऊन आला आणि तू तिचे वाटाण्याएवढे तुकडे केलेस, सगळे एकसारखे. बादलीत पाणी, पाण्यात नळीचं टोक, टोकाशी कलेजी. मी नेहमीसारखं सक्शनचं बटण बोटाने दाबलं. सर्रकन आवाज आला आणि गाळणीत भरीत. परत दाबलं. परत भरीत.

तू बटण उपसून काढायला सांगितलंस. ते निघतं, खाली नुसतं भोक राहतं. बटणाच्या बुडाशी, खोबणीत, कलेजीचा लगदा अडकला होता. आपण दोघं त्याच्याकडे बघत बसलो. दिवसभर ज्याच्यावर माझं बोट असतं, त्याच्या खाली काय चालतं हे मी कधी बघितलंच नव्हतं.

“आता बटण न लावता ओढ,” तू म्हणालीस. “भोकावर नुसतं बोट ठेव.”

ठेवलं. कलेजी आली. अख्खी. तू चिरलेलीस तशी, कोपरेसुद्धा शाबूत.

आणि इथून आपलं खरं भांडण सुरू झालं. मी म्हटलं, प्रश्न सुटला. वाट बटणाशी वळते, शिवाय बटणाचा दांडा मधे येतो, कोंब तिथे आपटतो आणि फुटतो. मिलिंदने नोकरीभर शहराचे पाण्याचे पाइप सांभाळलेले, तो लगेच माझ्या बाजूने. “बेंड आला की मार तिथेच बसतो. आमच्याकडे पण तेच.”

तू मान हलवलीस. “दोघे पुरुष नळीला दोष द्या. बटण असलं की हा धाडकन दाबतो. भोकावर बोट घाबरत घाबरत ठेवलं, म्हणून ओढ हळू लागली. बेंड नाही, बोट. घाई.”

“मग बटण लावून हळू दाबतो, चल.”

दाबलं. कलेजी निम्मी आली, निम्मी फुटली. तू म्हणालीस, हे बघ. मी म्हणालो, हे बघ. दोघांनी एकाच तुकड्याकडे बोट दाखवलेलं. पुढचे प्रयोग झाले नाहीत, कारण तोवर मिलिंदने राहिलेली कलेजी तव्यावर टाकली होती. ती नळीतून गेलेली नाही ना, हे मी परत परत विचारलं आणि मग खाल्ली. चांगली झालेली.

बेंड की बोट, हे तिथेच राहिलं.

त्यानंतर मी बटण काढून ओढायला लागलो. सोमवारी. मंगळवारी. पुढे लिस्ट वाढली की बोट आपोआप बटणावर. बटण काढा, बोट ठेवा, परत बटण लावा, याला वेळ लागतो तो घोटभर पाणी प्यायला लागतो तेवढा. पण बाहेर बाकावर उपाशी माणसं बसलेली असतात, रात्रभर संडासच्या फेऱ्या मारून वैतागलेली, आणि आत मी वैतागलेला. मग दुपारी तुझा फोन. “अव्या, भरीत.” तू एकदाही म्हणाली नाहीस की मी सांगितलेलं. ते मला जास्त लागायचं, आणि तुला ते माहीत होतं, असा माझा संशय आहे.

मग मिलिंदला संडासात रक्त दिसलं आणि तू त्याला माझ्याकडे आणलंस. मी म्हटलं, घोडबंदर रोडला मोठमोठी हॉस्पिटलं झालीयेत, माझ्यापेक्षा चांगले हात आहेत तिकडे, नवऱ्याची गोष्ट आहे. तू म्हणालीस, “त्यांचे हात मला माहीत नाहीत. तुझ्या चुका मला तोंडपाठ आहेत.”

मला आजवर मिळालेलं हे सर्वांत मोठं प्रशस्तिपत्र. क्लिनिकमध्ये लावता येत नाही, एवढीच अडचण.

पॉलिप डावीकडच्या वळणावर होता. जांभळाएवढा, देठावर लोंबणारा, रंग चांगला नव्हता. आपण दोघांनी स्क्रीनवर एकदमच बघितला. एवढा मोठा नळीच्या पोटातून येणं शक्य नव्हतं. फासाने देठाशी कापला, छोट्या जाळीत धरला आणि जाळी, कॅमेरा सगळं एकत्र मागे घेत आलो. दाराशी अडकला. जाळी आवळली तर पॉलिप चिरणार, सैल सोडली तर निसटणार. माझी सवय तुला माहीत, अडलं की ओढ. मनगट ताणलं गेलं तोच तुझी दोन बोटं त्यावर आली. दाबली नाहीस, नुसती ठेवलीस.

“थांब,” तू मला म्हणालीस. मग नवऱ्याला, “मिलिंद, कुंथ.”

गुंगीतून मिलिंद म्हणाला, “सगळ्यांसमोर?”

“सगळ्यांसमोर.”

तो कुंथला, दार सैल पडलं आणि जांभूळ अख्खं बाहेर आलं. तू ते माझ्याकडून घेतलंस. थर्माकोलवर टाचणीने नीट उभं टोचलंस, कापलेल्या टोकाला शाई लावलीस, मगच फॉर्मालिन. हात नेहमीसारखे चालले होते. मग हातमोजे काढलेस आणि बाहेर जाऊन बाकावर बसलीस, पेशंटच्या बायका बसतात तशी, पर्स मांडीवर धरून. नवऱ्याचं मी वाचणार नाही, म्हणालीस, आणि काचा रश्मीला दिल्यास, तुझ्याच हाताखाली शिकलेल्या.

कॅन्सर निघाला. गोंड्यात वर, टिकलीएवढा. देठ स्वच्छ. म्हणजे पोट उघडायला नको. सांगितलेल्या वेळी नळी घालून बघत राहायचं, एवढंच. हे मला रश्मीने नाही, तू सांगितलंस. दुपारचा फोन. “अव्या, देठ मोकळा आहे.” आणि मग तू ठेवला नाहीस. पलीकडे लॅबचा पंखा ऐकू येत होता. किती तरी वेळ. मी विचारायला हवं होतं, रडतेयस का, येऊ का. मी काय म्हणालो, तर “पार्टी कधी?” तू म्हणालीस, “देठ अजून थोडा लांब ठेवता आला असता,” आणि ठेवलास.

त्या पंख्याच्या आवाजात तू काय करत होतीस, हे मला अजून जाणून घ्यायचं आहे. मिलिंदला विचारलं, त्याला तू हा फोन केलास हेच माहीत नव्हतं.

त्याची पुढची तपासणी तूच ठरवून ठेवली होतीस. तू गेलीस आणि ती बुडाली. पुण्यानुमोदनाच्या दिवशी, पाहुणे पांगल्यावर, मी त्याला स्वयंपाकघरात गाठलं.

“राहू द्या आता,” तो म्हणाला. “ते मी तिच्यासाठी करायचो. तिला झोप लागावी म्हणून.”

मग माझ्यातला डॉक्टर जागा झाला. धोका, शक्यता, टक्केवारी, एकदा कॅन्सर निघालेल्या माणसाने टाळाटाळ करू नये. तो ताटं पुसत होता. मी दमलो तेव्हा म्हणाला, “संपलं? कढी घ्या थोडी, उरलीय.”

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा भावनेला हात घातला. सुजाताला काय वाटलं असतं वगैरे. ते फारच वाईट गेलं. तो उठून गॅलरीत गेला. मी मागोमाग गेलो आणि उभा राहिलो. कठड्यावर टॉवेल वाळत होता, खाली कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं. आणि खरंच सांगतो, त्यात काही डाव नव्हता, मला मनापासून पडलेला प्रश्न तोंडून निघाला.

“मिलिंद, बेंड की बोट, ते राहिलंच.”

तो वळला. “राहिलंय काय त्यात? बेंडच होता. तिने ऐकलं नाही.”

“मला हल्ली वाटतं, बोट असावं.”

“आता उलटलात?”

“ती असताना कसा उलटणार? रोज दुपारी ऐकवलं असतं तिने.”

त्याच्या तोंडावर काहीतरी हललं. हसू म्हणण्याएवढं नव्हतं. खालची स्कूटर एकदाची सुरू झाली, निघून गेली, ती तो बघत राहिला. मग म्हणाला, “माझ्यात परत एखादा निघाला, तर त्याच्यावर बघता येईल?”

“येईल.”

“पण मला झोपवायचं नाही. मी बघणार.”

मला खात्री आहे, सुजाता, तो पाइपचा निकाल लावायला आला नाही. पण कारण म्हणून ते बरं होतं, आणि आम्ही दोघांनी ते शेवटपर्यंत धरून ठेवलं.

लता सिस्टरनी त्याला स्क्रीन दिसेल असा वळवला. जुनी जागा स्वच्छ होती. देठ होता तिथे पांढरा वण. मी त्या वणापाशी एवढा रेंगाळलो की मिलिंद म्हणाला, “पुढे जायचं का?” पुढे, पार उजवीकडे, एक निघाला. मसुराएवढा. पेशंटच्या पोटात काही निघाल्यावर खूश होऊ नये एवढी अक्कल मला आहे. पण त्या क्षणी आम्ही दोघंही थोडे खूश झालो आणि एकमेकांना ते दिसू नये म्हणून स्क्रीनकडे बघत राहिलो.

कापला. बटण काढलं. भोकावर बोट ठेवलं, थोडं, मग अजून थोडं. लता सिस्टर गाळणीवर वाकल्या होत्या.

“आला, सर,” त्या म्हणाल्या. मला ओळखतात म्हणून पुढे म्हणाल्या, “अख्खा आहे. मी परत बघितलं.”

प्रयोग फुकट गेला, हे मला घरी जाताना कळलं. बटणही काढलेलं आणि बोटही हळू ठेवलेलं, दोन्ही एकाच वेळी. त्यातून काय सिद्ध होणार? तू असतीस तर कापायच्या आधीच माझी दोन्ही कारणं वेगळी करून ठेवली असतीस. एका वेळी एकच गोष्ट बदल, हे तू मला किती वेळा सांगितलंस. मी आता जमेल तेव्हा करून बघतो, आज फक्त बटण, उद्या फक्त बोट, आणि रश्मीला विचारतो, कसा आला. ती अजून मला मॅडमचे मित्र म्हणून सांभाळून घेते. फोन करत नाही, मेसेज करते, आणि शेवटी ‘धन्यवाद सर’ लिहिते. मला ते वाचवत नाही.

मिलिंदचा रिपोर्टही तिनेच केला. साधा, निरुपद्रवी, एका तुकड्यात, कापलेली कड स्वच्छ ओळखू येतेय. फोनवर सांगता आलं असतं, पण काल संध्याकाळी तो घेऊन मी कोपरीला गेलो. त्याने चहा केला. मी रिपोर्ट वाचून दाखवला. मग बटण कसं उपसलं, बोट कसं टेकवलं, किती थोडक्यात होतं, हे हातवारे करून समजावलं. टेबलावर तोच होता, सगळं त्याने डोळ्यांनी बघितलेलं, तरी समजावलं. मिलिंदने ऐकून घेतलं. उठून पुढच्या तपासणीची तारीख कॅलेंडरवर लिहिली. परत येऊन बसला, चष्मा काढला आणि माझ्याकडे बघितलं.

“एवढंच होतं,” तो म्हणाला, “तर ती असताना करायचं होतं ना, डॉक्टर.”